परसातलं पॉलिहाऊस: मावळातल्या फॅब्रिकेटरचं काम आणि आतलं सामान

परसात पॉलिहाऊस, म्हणजे वर प्लास्टिकचं छत असलेलं झाडांचं घर, हवं म्हणून चौकशी केली की दोन तऱ्हेचा माल पुढे येतो. एक म्हणजे ऑनलाईन मिळणारा तयार संच. सहा-साडेसहा फूट उंचीचा सांगाडा, वर चेनवालं प्लास्टिकचं आवरण किंवा पॉलिकार्बोनेटचे पत्रे, आणि पुढे गुंडाळून वर घ्यायचं एखादं दार. दुसरा मार्ग म्हणजे शेतकऱ्यांची पॉलिहाऊस उभारणाऱ्या फॅब्रिकेटरकडून आपल्या मापाचं करून घेणं. मी दुसरा मार्ग धरला. पावसाळे आणि उन्हाळे बघून झाल्यावर सांगते, की सांगाड्याचं काम मला मनापासून आवडलं आहे. पाण्याचं सामान मात्र ज्या दुकानातून घेतलं तिथे मी पुन्हा जाणार नाही.

मी तळेगाव दाभाड्याला राहते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घरामागे पूर्व-पश्चिम जेमतेम वीस फूट रुंदीची, पण लांबीला चांगली अशी मोकळी जागा होती. या भागात पॉलिहाऊस नवलाईचं नाही. फुलशेतीसाठीचं फ्लोरिकल्चर पार्क इथेच आहे, फेब्रुवारीत मावळातले गुलाब परदेशी जातात, आणि पॉलिहाऊस कसं चालवायचं याचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थाही तळेगावातच आहे. माझा भाचा पवन मावळात जरबेराची फुलशेती करतो. त्याच्याच ओळखीने हे फॅब्रिकेटर मिळाले. त्यांची नेहमीची कामं दहा-वीस गुंठ्यांची. माझं काम ३६० चौरस फुटांचं. तरी मोजमाप घ्यायला ते स्वतः आले, आणि पहिला प्रश्न त्यांनी पिकाचा नाही, वाऱ्याचा विचारला.

तो प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे सांगितल्याशिवाय पुढची कुठलीच वस्तू नीट समजणार नाही. थंड देशांत काचघर बांधतात ते ऊब धरून ठेवायला. आपल्याकडे ऊब फुकट मिळते, नकोशी होईपर्यंत मिळते. आपल्याला हवा असतो तो पावसापासून आडोसा, उन्हाची धार कमी करणं आणि किडीला अटकाव. प्लास्टिकच्या आत तापलेली हवा बाहेर जाऊ शकली नाही तर एप्रिलच्या दुपारी रोपं उकडून निघतात. घर जितकं छोटं आणि बुटकं, तितकी आतली हवा थोडी, आणि तितकी ती लवकर तापते. तयार संचांची अडचण नेमकी इथे आहे. सहा फुटांवर छत, वर एकही खिडकी नाही, म्हणजे गरम हवेचा थर थेट झाडाच्या शेंड्यावर. पॉलिकार्बोनेटचा दुहेरी पत्रा टिकाऊ असतो, ऊबही चांगली धरतो, पण ज्या गुणासाठी त्याचे जास्तीचे पैसे द्यायचे तो गुण पुणे जिल्ह्यात फारसा कामाचा नाही. फॅब्रिकेटर मला म्हणाले, "बाई, आत गरम करायला पैसे लागत नाहीत. थंड ठेवायला लागतात. उंची वाढवा, बाकीचं नंतर बघू."

मग माप ठरलं: रुंदी १५ फूट, लांबी २४ फूट, बाजूच्या भिंती ८ फूट, मध्ये उंची १३ फूट. लांबी उत्तर-दक्षिण ठेवली, म्हणजे पाईपांच्या आणि पन्हळीच्या सावल्या दिवसभर सरकत राहतात, एकाच वाफ्यावर ठाण मांडून बसत नाहीत. छताच्या माथ्यावर पूर्ण लांबीची अडीच फूट उंचीची खिडकी आहे. इथे सगळे तिला वेंट म्हणतात. तिचं तोंड पूर्वेला आहे. आपल्याकडे पावसाळी वारं पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतं. वेंटचं तोंड तिकडे केलं तर वारा आत शिरून छत उचलतो आणि पाऊसही थेट वाफ्यावर येतो. तोंड उलट्या दिशेला असलं की वारा माथ्यावरून जाताना आतली गरम हवा ओढून नेतो. वेंट साठ चौरस फुटांची आहे, म्हणजे जमिनीच्या सहाव्या हिस्स्याएवढी. लांबीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट उंच जाळी आणि तिच्यावर गुंडाळता येणारे पडदे. खालून थंड हवा येते, वरून गरम जाते, पंखा लागत नाही. दुपारी वेंटखाली उभं राहून उदबत्ती लावली तर धूर सरळ वर ओढला जाताना दिसतो. वर्गात धुराड्याचा (चिमणीचा) परिणाम शिकवताना असं उदाहरण माझ्या हाताशी असायला हवं होतं.

सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पाईपचा आहे, पाईपची जाडी दोन मिलिमीटर. सगळे जोड नट-बोल्टचे. वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो आणि पहिल्या पावसाळ्यातच गंज धरतो, म्हणून हा आग्रह आपण धरायचाच. पाया अडीच फूट खोल. काँक्रीटमध्ये आधी कमी व्यासाचा पाईप गाडला, त्याच्या खालच्या टोकाला आडव्या सळया घातल्या, आणि त्यावर मुख्य खांब चढवून बोल्ट मारला. मला वाटायचं पाया असतो तो वजन पेलायला. इथे तो वाऱ्याने घर उपटून जाऊ नये म्हणून असतो. प्लास्टिकचं एवढं मोठं छत वळवाच्या वावटळीत छत्रीसारखं वर ओढलं जातं, आणि तो ओढ त्या आडव्या सळया धरून ठेवतात. मे महिन्याच्या शेवटी वळीव आला, आमच्या रस्त्यावरची झाडं पडली, पत्रे उडाले. पॉलिहाऊसचा एक बोल्टही सैल झाला नाही.

वरच्या प्लास्टिकला शेतकरी "पेपर" म्हणतात, मीही तेच म्हणते. २०० मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा, प्रकाश पसरवणारा पेपर घेतला. प्रकाश पसरून आला की खालच्या पानांपर्यंत पोचतो आणि वरच्या पानांवर डाग पडत नाहीत. या पेपरला आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असते. आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब टपकण्याऐवजी पसरून कडेला ओघळतील अशी प्रक्रिया केलेली असते. पेपर उलटा बसवला तर तो गुण वाया जातो. त्यावर छापलेलं वाचून, खात्री करूनच फॅब्रिकेटरच्या माणसांनी तो वर चढवला. चढवायची वेळही नीट निवडली: वारा पडलेला आणि ऊन वर आलेलं. थंडीत ताणलेला पेपर उन्हात ढिला पडतो, मग फडफडतो आणि फडफडून फाटतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीत झिगझॅग स्प्रिंगने तो धरलेला आहे, खिळा एकही नाही. जिथे पेपर पाईपला टेकतो तिथे पाईपची वरची बाजू पांढऱ्या रंगाने रंगवून घेतली, कारण तापलेल्या पाईपवर पेपर सगळ्यात आधी कुजतो. हे काम अंदाजपत्रकात नव्हतं. त्यांनी वेगळे पैसे न घेता केलं.

पेपरचं आयुष्य साधारण तीन वर्षं धरायचं. गंधकाच्या फवारणीने ते कमी होतं, म्हणून भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारा रोग) दिसली तरी मी आत गंधक मारत नाही. खालची पानं काढते आणि पडदे जास्त वेळ उघडे ठेवते. आजवर तेवढ्यावर निभावलं आहे.

जाळीबद्दल थोडं सांगते, कारण इथे घाईने चुकीची जाळी घेतली जाते. बाजूंना आणि वेंटला ४० मेशची, म्हणजे इंचाला ४० छिद्रांची, कीटकरोधक जाळी आहे. पांढरी माशी तिने बरीचशी अडते. फुलकिडे मात्र तिच्यातूनही शिरतात. त्यांच्यासाठी आणखी बारीक जाळी मिळते, पण जाळी जितकी बारीक तितकी हवा अडते, आणि माझ्यासारख्या छोट्या घराला हवा अडणं परवडत नाही. मी ४० मेश ठेवली आणि फुलकिड्यांसाठी आत निळे चिकट सापळे लावले. मार्चपर्यंत जाळीवर धुळीचा थर बसतो, तेव्हा ती आतून पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी लागते. धुतल्यावर आतलं तापमान दोनेक अंशांनी उतरलेलं मी मोजलं आहे. दाराशी चार फुटांची दुहेरी दाराची खोली करून घेतली. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पाहुणे हा नियम विसरतात, त्यांना आठवण करून द्यावी लागते.

आता तक्रारी. फॅब्रिकेटर काम अक्षय्य तृतीयेला सुरू करतो म्हणाले होते, माणसं आली ती मे उलटताना. पाऊस तोंडावर असताना उघड्या खड्ड्यांकडे बघत बसणं फार त्रासाचं होतं. पश्चिमेच्या पन्हळीला पुरेसा उतार दिला नव्हता, पाणी मध्येच साचून राहायचं. फोन केल्यावर त्याच आठवड्यात येऊन त्यांनी सगळी पन्हळ उतरवली आणि नव्याने बसवली, हेही सांगायला हवं. दाराच्या बिजागऱ्या साध्या लोखंडी लावल्या आहेत, त्या गंजल्या. एवढा चांगला सांगाडा करणाऱ्यांनी शेवटच्या शंभर रुपयांत कसर करू नये, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.

खर्च साधारण ९५ हजार आला, फक्त सांगाडा, पेपर, जाळी आणि पडद्यांचा. हा आकडा चौरस मीटरला अठ्ठावीसशे रुपयांच्या पुढे जातो. सरकारच्या फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या निकषांत नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊसला ५०० चौरस मीटरपर्यंत १०६० रुपये आणि मोठ्या क्षेत्राला ८४४ रुपये दर धरला होता. तेव्हापासून पाईप आणि मजुरी महागली आहेच. शिवाय घर लहान झालं म्हणून दार, वेंट, कोपऱ्याचे खांब आणि माणसांची येजा कमी होत नाही. बोलताना हे लक्षात ठेवलं तर फॅब्रिकेटर आपल्याला लुटतो आहे असं वाटत नाही. आणि ते खरंच लुटत नव्हते. पाईपची पावती त्यांनी मागितल्याबरोबर दाखवली.

आत तीन गादीवाफे आहेत, तीन फूट रुंद, फूटभर उंच, मध्ये आणि कडेला दीड-दीड फुटाच्या वाटा. माती तांबडी, तिच्यात शेणखत आणि भाताचं तूस. मावळात इंद्रायणी तांदूळ पिकतो, त्यामुळे गिरणीतून तूस हवं तेवढं मिळतं. वाफा भुसभुशीत राहायला त्याच्याइतकी स्वस्त वस्तू नाही. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, पिशव्यांत पीक घ्या असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. पण कोकोपीटला खताचं पाणी रोज मोजून द्यावं लागतं, एक दिवस चुकला तर झाड लगेच दाखवतं. मातीचा वाफा गावाला गेल्यावरही दोन दिवस सांभाळून घेतो. रोपवाटिकेच्या ट्रेसाठी मात्र मी कोकोपीटच वापरते, आधी दोनदा धुवून. मे महिन्यात वाफे रिकामे करून, भिजवून, पारदर्शक प्लास्टिकने पाच-सहा आठवडे झाकून ठेवते. त्या उष्णतेने सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) आणि मर रोगाची बुरशी बरीच कमी होते. नंतर निंबोळी पेंड.

ठिबकने निराश केलं नाही. १६ मिलिमीटरची इनलाइन नळी, तिच्या आतच दर ३० सेंटिमीटरला ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारं तोंड, ताशी दोन लिटरचं. वाफ्याला दोन ओळी. घर दुमजली असल्यामुळे गच्चीवरची टाकी तीसेक फुटांवर आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, ठिबकला तेवढा पुरतो. म्हणजे पंप नाही, वीज नाही, नुसता कॉक फिरवायचा. मध्ये चकतीचा फिल्टर हवाच. तो दर आठवड्याला उघडून धुते.

फॉगरची गोष्ट वेगळी, आणि इथेच दुकानदाराशी बिनसलं. चार तोंडांचा फॉगर ताशी अठ्ठावीस लिटर पाणी धुक्यासारखं उडवतो, पण त्याला चार बार दाब लागतो, म्हणजे चाळीस मीटर उंचीच्या टाकीएवढा. दुकानदाराने गच्चीच्या टाकीवर चालेल म्हणून सांगितलं आणि फॉगर विकले. मी त्याला दाबाचा हिशेब विचारला तेव्हा तो म्हणाला, "चालतं हो मॅडम, सगळे असंच लावतात." चार बारांखाली फॉगर धुकं करत नाही, मोठे थेंब टाकतो. पानं भिजतात, हवा गार होत नाही आणि रोग वाढतो. शेवटी एक एचपीचा पंप वेगळा घ्यावा लागला. गळती रोखणारा व्हॉल्व्ह प्रत्येक फॉगरला हवा, नाहीतर पंप बंद झाल्यावर नळीतलं पाणी खालच्या रोपांवर टपकत राहतं. तेही त्या दुकानात आपणहून कुणी सांगितलं नाही. भाच्याने सांगितलं.

पुढची अडचण पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. फॉगरच्या तोंडांवर पांढरे क्षार साचले आणि निम्मी तोंडं बंद पडली. यावर उपाय छतावरूनच निघाला. साडेतेहतीस चौरस मीटर छतावर तीस मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी होतं, आणि मावळात एवढा पाऊस एका संध्याकाळी पडतो. पन्हळीचं पाणी दोन हजार लिटरच्या दोन काळ्या बंद टाक्यांत भरून ठेवते. एप्रिलमध्ये अकरा ते चार या वेळात दर दहा मिनिटांनी एक मिनिट फॉगर चालवते. आठ फॉगर मिळून दिवसाला सव्वाशे लिटरच्या आत पाणी लागतं. दोन टाक्या महिनाभर पुरतात, आणि सगळ्यात वाईट उन्हाळा तेवढाच असतो. पावसाचं पाणी वापरायला लागल्यापासून एकही तोंड चोंदलेलं नाही.

फॉगर काय करतो आणि काय करत नाही हे विकत घेण्याआधी समजून घ्या. एप्रिलची हवा कोरडी असते, त्यामुळे धुकं वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. बाहेर ३८ असताना माझ्याकडे आत ३४ दिसतं. त्याच फॉगरने जुलैत काहीही गार होत नाही, हवा आधीच ओली असते. पावसाळ्यात मी पंपाची वायरच काढून ठेवते. पैसे मोजकेच असतील तर फॉगर पहिल्या वर्षी घेऊ नका. त्याऐवजी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी घ्या, ५० टक्क्यांचं, निम्मं ऊन अडवणारं, आणि ते छताच्या बाहेर लावा. मोठ्या पॉलिहाऊसमध्ये वाऱ्यामुळे ते आत लावतात, पण आतल्या जाळीने सावली मिळते, ऊन मात्र आधीच आत आलेलं असतं. परसातल्या घराला बाहेरून तार ताणून जाळी टाकणं सहज जमतं. मी होळीनंतर लावते आणि वळवाची चिन्हं दिसली की उतरवते.

तापमान आणि आर्द्रतेचा साधा डिजिटल मापक घेतला आहे, दिवसातलं कमाल-किमान लक्षात ठेवणारा. तो झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगायचा. मोबाईलवर आकडे पाठवणारी महागडी यंत्रणा मी घेतली नाही, आणि तिची उणीव कधी भासली नाही.

पिकांचं विचाराल, तर बी नसलेली काकडी या घरासाठी सगळ्यात चांगली. तिला परागीभवन लागत नाही, त्यामुळे जाळीने मधमाशी अडली तरी बिघडत नाही. टोमॅटोला सकाळी दहाच्या सुमारास तारा हलवून फुलं झटकावी लागतात. रंगीत ढोबळी मिरची ऑगस्टमध्ये लावते, दोन फांद्या ठेवून दोरीवर चढवते. तापमान ३५ च्या वर गेलं की तिची फुलं गळतात, म्हणून मार्चअखेर तिचा निरोप घ्यायचा. आणि कोथिंबीर! भर पावसात बाहेरच्या वाफ्यात ती सडते, बाजारात जुडीला हात लावावासा वाटत नाही, आणि माझ्याकडे गौरी-गणपतीच्या स्वयंपाकाला हिरवीगार, माती न उडालेली जुडी असते. शेजारच्या चार घरांनाही पुरते. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हे घर पुन्हा बांधेन.

थंडीबद्दल एक सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली जातो. प्लास्टिकच्या एका थराने रात्री फारशी ऊब राहत नाही, पहाटे आत-बाहेर जवळपास सारखंच असतं. पडदे सूर्य मावळायच्या आधी खाली सोडले तर जमिनीतली ऊब थोडी टिकते. सकाळी मात्र ते उघडायला उशीर करू नये, कारण रात्रीची वाफ पानांवर बसलेली असते.

पुढच्या वर्षी पेपर बदलायचा आहे. ते काम याच फॅब्रिकेटरना द्यायचं ठरलं आहे, दर आत्ताच लिहून घेतला आहे. त्यात बिजागऱ्या गॅल्व्हनाइज्ड बसवून द्यायच्या, पेपर पावसाच्या आधी निदान तीन आठवडे चढला पाहिजे, आणि जुना पेपर त्यांनी घेऊन न जाता मलाच द्यायचा, हेही लिहिलेलं आहे. मे महिन्यात वाफे तापवायला तोच कामाला येईल.